अँग्लो-सॅक्सन : एका जोडनावाची बाराशे वर्षे

२३ ऑक्टोबर १७३१ च्या पहाटे लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरच्या ॲशबर्नहॅम हाउसला आग लागली. सर रॉबर्ट कॉटन यांनी जमवलेला हस्तलिखितांचा मोठा संग्रह तिथे ठेवलेला होता. जे हाताला लागले ते लोकांनी खिडक्यांतून बाहेर फेकले. ‘बेओवुल्फ’ या महाकाव्याची एकमेव प्रत कडा करपून का होईना, पण वाचली. आल्फ्रेड राजाच्या चरित्राची प्रत मात्र वाचली नाही. वेल्समधून आलेल्या ॲसर नावाच्या भिक्षूने हे चरित्र इ.स. ८९३ मध्ये लॅटिनमध्ये लिहिले होते आणि त्याची शिल्लक राहिलेली एकच जुनी प्रत त्या पहाटे राख झाली. आज ते आपल्याला वाचता येते, ते आगीच्या आधी कुणीकुणी उतरवून ठेवलेल्या नकलांमुळे आणि छापलेल्या आवृत्त्यांमुळे.

या चरित्राच्या अर्पणपत्रिकेतच ॲसर आल्फ्रेडला अँगल आणि सॅक्सन या दोघांचा राजा म्हणतो. त्याच सुमाराच्या राजसनदांमध्येही ‘आंगुलसाक्सोनुम रेक्स’ ही लॅटिन पदवी दिसू लागते. इंग्लंडच्या राजकारणात ‘अँग्लो-सॅक्सन’ या जोडनावाचा प्रवेश झाला तो असा. पुढच्या हजार वर्षांत याच नावाचा आधार घेऊन साम्राज्याची स्वप्ने रंगवली गेली आणि कुणी कुणाशी लग्न करावे याचे कायदेही झाले. रक्ताच्या शुद्धतेची खूण म्हणून जे नाव मिरवले गेले, ते मुळात दोन वेगळ्या लोकांना एका राजाखाली आणण्यासाठी घडवलेले होते. ही उलटापालट कशी झाली, ते नीट पाहायला हवे.

सुरुवात पाचव्या शतकापासून करावी लागते. रोमन फौजा ब्रिटनमधून निघून गेल्यावर उत्तर समुद्रापलीकडून लोक येऊन स्थायिक होऊ लागले. त्यांची सर्वांत प्रसिद्ध हकिकत लिहिली ती नॉर्थम्ब्रियातल्या जॅरो मठातल्या संत बीड यांनी, ७३१ साली पूर्ण केलेल्या आपल्या धर्मसंस्थेच्या इतिहासात. ते ४४९ या सालाच्या संदर्भात सांगतात की जर्मनीतल्या तीन बलाढ्य जमाती आल्या : सॅक्सन, अँगल आणि ज्यूट. केंट आणि वाइट बेटावर ज्यूट वसले. सॅक्सनांपासून एसेक्स, ससेक्स आणि वेसेक्स ही राज्ये झाली. ईस्ट अँग्लिया, मर्सिया आणि नॉर्थम्ब्रिया अँगलांची. शाळकरी पुस्तकांतले नकाशे आजही याच विभागणीवर काढले जातात. पण हे लिहिले गेले तेव्हा स्थलांतराला जवळजवळ तीनशे वर्षे होऊन गेली होती. शिवाय त्याच ग्रंथाच्या पाचव्या भागात बीड स्वतःच फ्रिसियन, डेन, हूण अशी आणखी नावे घेतात आणि ब्रिटनमधले अँगल व सॅक्सन यांच्यापासूनच निघाल्याचे सांगतात. म्हणजे तीन जमातींचा नीटस नकाशा त्यांनाही पुरा पडत नव्हता.

लोक आले हे मात्र खरे. मधल्या काळात काही अभ्यासक म्हणू लागले होते की आले ते मूठभर सरदार, बाकी जनता जुनीच. तिने फक्त भाषा आणि पेहराव बदलला. २०२२ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने हे मत मागे सारले. पूर्व आणि दक्षिण इंग्लंडमधल्या मध्ययुगाच्या सुरुवातीच्या दफनांत उत्तर समुद्राच्या काठावरून आलेल्या पूर्वजांचा वाटा ७६ टक्क्यांपर्यंत निघाला. तितकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट याच संशोधनातून पुढे आली : एकाच दफनभूमीत, एकाच कुटुंबात, बाहेरून आलेले आणि मूळचे असे दोन्ही वंश मिसळलेले आहेत. केंटमधल्या अपडाउन इथल्या सातव्या शतकातल्या दफनभूमीत एका मुलीचे थडगे आहे. तिचे कुटुंब तिथलेच, पुरण्याची रीतही आजूबाजूच्यांसारखीच. आणि तिच्या वंशातला सुमारे एक तृतीयांश भाग पश्चिम आफ्रिकेतला. तिचे आजोबा किंवा पणजोबा तिकडून आलेले असावेत, असे अभ्यासक म्हणतात. त्याच शतकात कँटरबरीचे आर्चबिशप होते थिओडोर, आजच्या तुर्कस्तानातल्या टार्ससचे. आणि त्यांच्या जोडीला मठाधिपती हेड्रियन, उत्तर आफ्रिकेतले. या दोघांनी चालवलेल्या शाळेत ग्रीक आणि लॅटिन शिकवले जाई आणि त्या दिवसांबद्दल बीड अतिशय कौतुकाने लिहितात.

हे लोक स्वतःला काय म्हणत? आपापल्या राज्याच्या नावाने तर म्हणतच, पण सगळ्यांना मिळून नाव द्यायचे झाले तर ‘आंगल्किन’, म्हणजे अँगलांचे कूळ. आणि आपल्या भाषेला ‘एंग्लिश’. सॅक्सन राज्यातला माणूसही आपल्या भाषेला एंग्लिशच म्हणे. रोमच्या पोप ग्रेगरी यांनी ५९६ मध्ये धर्मप्रचारक पाठवले तेही ‘आंग्ली’ लोकांकडे. उलट शेजारचे वेल्श लोक सगळ्यांना सरसकट ‘सॅक्सन’ म्हणत. वेल्श भाषेत इंग्रजांना आजही ‘साइसोन’ म्हणतात.

मग जोडनाव आले कुठून? युरोपच्या मुख्य भूमीवरून. तिकडे जर्मनीत मूळचे सॅक्सन अजून होतेच आणि ७७२ पासून शार्लमेन त्यांच्याशी तीस वर्षांहून अधिक काळ लढत होता. तिकडच्या लेखकांना बेटावरचे सॅक्सन वेगळे दाखवायचे होते. आठव्या शतकाच्या अखेरीस पॉल द डीकन या इटलीतल्या विद्वानाने लोंबार्ड लोकांचा इतिहास लिहिला. मोंझाच्या राजवाड्यातल्या जुन्या चित्रांचे वर्णन करताना तो सांगतो की लोंबार्डांचे कपडे सैलसर, बहुतेक तागाचे असत, अँग्लो-सॅक्सन वापरतात तसे. या नावाच्या अगदी सुरुवातीच्या उल्लेखांपैकी हा एक आहे, आणि तो कपड्यांविषयी आहे. तिथे या शब्दाला ना अभिमान चिकटलेला आहे, ना तिरस्कार. इंग्लंडमधले सॅक्सन, एवढाच त्याचा अर्थ.

त्याला वजन आले ते आल्फ्रेडच्या दरबारात, आणि ते का आले हे समजायला डेन लोकांच्या स्वाऱ्या आठवाव्या लागतात. ८६५ मध्ये त्यांची मोठी फौज उतरली. पुढच्या बारा-पंधरा वर्षांत नॉर्थम्ब्रिया, ईस्ट अँग्लिया आणि मर्सिया एकामागून एक कोलमडले. मर्सियाचा राजा बर्ग्रेड ८७४ मध्ये देश सोडून रोमला गेला. वेसेक्सवरही ८७८ च्या जानेवारीत अचानक घाला आला आणि आल्फ्रेडला सॉमरसेटच्या दलदलीत ॲथल्नीला आसरा घ्यावा लागला. त्याच वर्षी मे महिन्यात एडिंग्टनच्या लढाईत त्याने डेन सरदार गुथ्रमला हरवले, त्याचा बाप्तिस्मा घडवून आणला आणि स्वतः त्याचा धर्मपिता झाला.

वेसेक्स वाचले. पण शेजारच्या मर्सियाचा निम्मा भाग डेनांकडे गेला होता आणि उरलेल्या पश्चिम भागाला राजा उरला नव्हता. मर्सिया हे अँगलांचे राज्य. एका शतकापूर्वी ऑफासारखा राजा तिथे होऊन गेला होता. अशा लोकांना ‘आता तुम्ही पश्चिम सॅक्सनांच्या राजाची प्रजा’ असे सांगून भागले नसते. आल्फ्रेडने इथे मोठे शहाणपण दाखवले. त्याची राणी एल्स्विथ मर्सियाच्या घराण्यातली होती. मुलगी एथेल्फ्लेड त्याने मर्सियाचा प्रमुख एथेलरेड याला दिली. ८८६ मध्ये लंडन पुन्हा वसवले आणि ते शहर पूर्वापार मर्सियाचे म्हणून त्याच एथेलरेडच्या ताब्यात दिले. आपल्या कायद्यांचे पुस्तक करताना वेसेक्सच्या आइन राजाबरोबरच मर्सियाचा ऑफा आणि केंटचा एथेलबर्ट यांची नावे घेतली. ‘अँगल-सॅक्सनांचा राजा’ ही पदवी याच धोरणाचा भाग होती : तुमचे नाव पुसले जाणार नाही, उलट ते आधी येईल.

या सामंजस्याला एक काळी बाजूही आहे. बर्ग्रेडनंतर मर्सियाच्या गादीवर केओल्वुल्फ नावाचा राजा बसला होता. वेसेक्समध्ये लिहिल्या गेलेल्या बखरीत त्याची संभावना डेनांचा बाहुला, मूर्ख माणूस अशी झाली आहे. पण २०१५ मध्ये ऑक्सफर्डशायरमध्ये वॉटलिंग्टनजवळ सापडलेल्या निधीत आल्फ्रेड आणि केओल्वुल्फ या दोघांची एकाच नमुन्याची नाणी निघाली : दोन सम्राट शेजारी बसलेले. म्हणजे दोघे काही काळ बरोबरीचे मित्र होते. पुढे मित्राचे राज्य आपल्याकडे आल्यावर त्याची आठवण नकोशी झाली. आल्फ्रेडबद्दल मनात आदर ठेवूनही हे सांगायलाच हवे.

ही पदवी फार काळ टिकली नाही. आल्फ्रेड ८९९ मध्ये वारला. मुलगा एडवर्डने ती चालवली. मर्सियात एथेल्फ्लेडने नवऱ्यामागे स्वतः राज्य केले, किल्ले बांधले, डर्बी आणि लेस्टर मिळवले. ९१८ मध्ये ती गेली. आल्फ्रेडचा नातू ॲथेल्स्टन याने ९२७ मध्ये यॉर्क घेतले आणि सगळा इंग्रजी मुलूख एका राजाखाली आला. त्याच्या सनदांत ‘रेक्स आंग्लोरुम’, इंग्रजांचा राजा, ही पदवी येते. जोडनावाची गरज संपली. दहाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या काही सनदांत ते अधूनमधून डोकावते, इतकेच. १०६६ मध्ये नॉर्मनांशी लढताना हेस्टिंग्जला पडलेला हॅरल्ड इंग्रजांचा राजा म्हणून पडला. त्याला अँग्लो-सॅक्सन म्हटले ते नंतरच्यांनी.

नंतरचे म्हणजे थेट सोळाव्या शतकातले. इंग्लंड पोपपासून फुटले होते आणि आमचा धर्म नवा नाही, रोमचे वर्चस्व येण्यापूर्वीचाच आहे, असे दाखवायला जुने कागद हवे होते. आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढल्यावर त्यांची ग्रंथालये उधळली गेली होती. आर्चबिशप मॅथ्यू पार्कर यांनी त्यातली हस्तलिखिते जमवली, जॉन डे या मुद्रकाकडून जुन्या लिपीचे खास खिळे पाडून घेतले आणि १५७४ मध्ये ॲसरचे आल्फ्रेड-चरित्र छापले. पुढे विल्यम कॅमडेनसारख्या विद्वानांच्या लेखनातून ‘अँग्लो-सॅक्सन’ हा शब्द नॉर्मनपूर्व काळासाठी रूढ झाला. म्हणजे आज आपण त्या सहाशे वर्षांना ज्या नावाने ओळखतो ते त्या काळाला मागाहून दिलेले आहे.

या अभ्यासकांत एलिझाबेथ एल्स्टॉब यांचे नाव आवर्जून घ्यायला हवे. बायकांना विद्यापीठाची दारे बंद असताना त्यांनी जुनी इंग्रजी आत्मसात केली आणि १७१५ मध्ये तिचे व्याकरण लिहिले. आधीची व्याकरणे लॅटिनमध्ये होती. बायकांनाही ती भाषा शिकता यावी म्हणून त्यांनी ते इंग्रजीत लिहिले. त्याच वर्षी त्यांचे भाऊ वारले आणि कर्जापायी त्यांना लंडन सोडून नाहीसे व्हावे लागले. नंतर त्या एव्हशम गावात लहान मुलांची शाळा चालवताना आढळल्या. त्यांचे राहिलेले काम पुरे झाले असते तर या अभ्यासाचा पाया वेगळा पडला असता, असे मला नेहमी वाटते.

एकीकडे विद्वान असे खपत असताना दुसरीकडे राजकारणाला या काळाचा वेगळा उपयोग सापडला. सतराव्या शतकात राजाविरुद्ध लढणारे म्हणू लागले की सॅक्सन काळात इंग्रज स्वतंत्र होते, नॉर्मनांनी त्यांच्या मानेवर जू ठेवले. हीच कल्पना अमेरिकेत थॉमस जेफरसन यांनी उचलली. १७७६ मध्ये नव्या राष्ट्राची मुद्रा ठरवताना तिच्या एका बाजूला हेंगिस्ट आणि हॉर्सा, म्हणजे ब्रिटनमध्ये उतरलेले दंतकथेतले सॅक्सन सरदार असावेत, असे त्यांनी सुचवल्याचे जॉन ॲडम्स यांच्या पत्रावरून कळते. आपण स्थापलेल्या व्हर्जिनिया विद्यापीठात त्यांनी अँग्लो-सॅक्सन भाषा शिकवण्याची सोय केली. स्वातंत्र्याचा उगम सॅक्सनांमध्ये शोधणाऱ्या याच जेफरसन यांच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते.

एकोणिसाव्या शतकाने त्यात वंशाची भर घातली. दुर्दैव असे की ज्या भाषाशास्त्राने माणसामाणसांतले नाते दाखवले त्याच भाषाशास्त्राचा दाखला यासाठी दिला गेला. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे एक मूळ असावे असे मांडले होते. डॅनिश पंडित रास्मुस रास्क यांनी १८१७ मध्ये अँग्लो-सॅक्सन भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि तेच रास्क १८२० मध्ये मुंबईत येऊन पारशी विद्वानांकडून अवेस्ताची हस्तलिखिते गोळा करत होते. त्यांच्या दृष्टीने ही एकच शोधयात्रा होती. जुन्या इंग्रजीतली ‘विदुवे’ आणि आपली ‘विधवा’, तिकडचा ‘सुनु’ आणि संस्कृतातला ‘सूनु’ ही सख्खी भावंडे आहेत. पण भाषेचे नाते म्हणजे रक्ताचे नाते असे समजून लोकांनी त्यातून श्रेष्ठ-कनिष्ठ वंशांच्या उतरंडी रचल्या. सॅक्सन कष्टाळू आणि शिस्तीचा, केल्ट आळशी आणि भावनाविवश, असे आयर्लंडच्या दुष्काळाच्या दशकात गंभीरपणे छापले जाई. सेसिल ऱ्होड्स यांनी १८७७ मध्ये लिहून ठेवले की अमेरिकेसकट सगळा अँग्लो-सॅक्सन वंश एका साम्राज्यात आणावा. १९०१ मध्ये विंचेस्टरला आल्फ्रेडचा भव्य पुतळा त्याच्या सहस्राब्दीनिमित्त उभा राहिला, तोही या भरातच. तेव्हा त्याचे मृत्युवर्ष ९०१ मानले जात होते.

या सगळ्याचा कडेलोट व्हर्जिनियात झाला. १९२२ मध्ये रिचमंडमध्ये ‘अँग्लो-सॅक्सन क्लब्ज ऑफ अमेरिका’ ही संघटना निघाली. पियानोवादक जॉन पॉवेल तिचे म्होरके. त्यांच्या खटपटीने २० मार्च १९२४ रोजी राज्यात वंशशुद्धीचा कायदा झाला. जन्माच्या नोंदीत वंश लिहायचा. ज्याच्यात गोऱ्यांखेरीज दुसऱ्या रक्ताचा अंश आहे त्याला गोऱ्या माणसाशी लग्न करता येणार नाही. एक अपवाद मात्र ठेवावा लागला. पोकाहोंटास या मूळ अमेरिकन स्त्रीचे वंशज म्हणवणारी बडी घराणी व्हर्जिनियात होती. त्यांच्यासाठी एक षोडशांशापर्यंत मूळ अमेरिकन रक्त चालेल असे कलम घातले गेले. राज्याच्या जन्ममृत्यू नोंदणीचे प्रमुख वॉल्टर प्लेकर यांनी पुढची कित्येक वर्षे दाखले तपासून मूळ अमेरिकन कुटुंबांची नोंद ‘कृष्णवर्णी’ अशी करून टाकली. आपण कोण हे सिद्ध करण्याचे कागदच त्या लोकांपाशी उरले नाहीत. १२ जून १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या दांपत्याच्या खटल्यात आंतरवंशीय विवाहावरची बंदी रद्द केली. आल्फ्रेडने दोन घराण्यांत सोयरीक जुळवून जे राज्य बांधले त्याच्या नावाने त्रेचाळीस वर्षे लग्ने मोडली जात होती.

फ्रान्समध्ये या शब्दाने आणखी वेगळे वळण घेतले. तिथे इंग्लंड-अमेरिकेला मिळून ‘अँग्लो-सॅक्सन’ म्हणतात, फ्रेंच नेते द गॉल तर नेहमी म्हणत; अर्थात त्यात कौतुक कमी आणि रोष जास्त असे. आपल्याकडेही विधी महाविद्यालयांत ‘अँग्लो-सॅक्सन न्यायपद्धती’ हा शब्द सर्रास ऐकू येतो. तो नेमका नाही. आपण इंग्रजांकडून घेतलेल्या कायदेपद्धतीची घडी बसवली ती दुसऱ्या हेन्रीने, ११५४ नंतर, फिरत्या राजन्यायाधीशांच्या मार्फत. आणि त्या न्यायालयांची भाषा पुढे फ्रेंच होती. खरा अँग्लो-सॅक्सन कायदा पाहायचा तर सातव्या शतकाच्या सुरुवातीचा केंटच्या एथेलबर्टचा पाहावा. त्यात प्रत्येक इजेची भरपाई ठरलेली आहे : अंगठा तोडला तर २० शिलिंग, अंगठ्याचे नख गेले तर ३, पुढचा दात पाडला तर ६. सूडाच्या रक्तपातापेक्षा दंड बरा, हा त्यामागचा विचार. त्यात मला एका समाजाची शांततेसाठीची धडपड दिसते.

अलीकडे अभ्यासकांतच या नावावरून वाद पेटला. २०१९ मध्ये ‘इंटरनॅशनल सोसायटी ऑफ अँग्लो-सॅक्सनिस्ट्स’च्या उपाध्यक्ष मेरी रंबारन-ओल्म यांनी क्षेत्रातल्या वंशभेदाकडे बोट दाखवत राजीनामा दिला. सभासदांनी मतदान करून संस्थेचे नाव बदलले. त्याच वर्षी साठाहून अधिक विद्वानांनी पत्रक काढून शब्द टिकवावा असे म्हटले. ब्रिटनमध्ये तो पुरातत्त्वाचा, संग्रहालयांचा आणि शाळांचा शब्द आहे, त्यात वंशाभिमान नाही, हे त्यांचे म्हणणे. दोन्ही बाजू आपापल्या भूमीवरून बोलत आहेत. सटन हू इथे १९३९ मध्ये सापडलेल्या जहाजाच्या दफनाला इंग्लंडमधला शाळकरी मुलगा अँग्लो-सॅक्सन म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर सोन्याचे बक्कल आणि लोखंडी शिरस्त्राण असते. व्हर्जिनियातल्या मोनाकन जमातीच्या माणसाला तोच शब्द ऐकून आजीचा खोडलेला दाखला आठवतो.

मला विचाराल तर मराठीत लिहिताना हा शब्द टाकून देऊ नये, पण तो जपून वापरावा. आल्फ्रेड आणि एडवर्ड यांच्या राज्याला अँग्लो-सॅक्सन म्हणणे अगदी रास्त, कारण ते त्यांनी स्वतः घेतलेले नाव आहे. त्याआधीच्या शतकांत मर्सियाचे, केंटचे, नॉर्थम्ब्रियाचे अशी राज्यांची नावे घ्यावीत. ९२७ नंतर इंग्रज म्हणावे. न्यायपद्धतीला इंग्लिश सामान्य कायदा म्हणावे, आणि आजच्या इंग्लंड-अमेरिकेबद्दल बोलताना सरळ देशांचीच नावे लिहावीत.